बसणाऱ्याचं माप

३ तारीख, मंगळवार

वही, उशीर झाला, माफ कर. सव्वीस दिवस तुला हात लावला नाही. सूनबाईने तुला आणून दिलं तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, सारखं मनात घोळवत बसता, त्यापेक्षा लिहून काढा." मी सहावीपर्यंत शिकलेला माणूस. गिऱ्हाइकांची मापं सोडली तर आयुष्यात फारसं काही लिहिलं नाही. लिहायला घेतलं की आधी शुद्धलेखनाची भीती वाटते, आणि मग लिहिलेलं खरं होईल याची. म्हणून टाळत होतो. आता टाळवत नाही.

सूनबाईची पाठ धरली आहे. गेले दोन महिने ती पान-दोन पानं काम करते, उठते, भिंतीला पाठ लावून उभी राहते, पुन्हा बसते. डॉक्टर म्हणाले, औषधाने उतरेल, पण बसणं सुधारलं नाही तर पुन्हा येईल. आणि तिचं काम तर बसण्याचंच. दूरच्या इस्पितळातले डॉक्टर रोगी तपासून झाल्यावर यंत्रात बोलून ठेवतात. ते कानाला लावून ऐकायचं आणि टाईप करायचं. बोलणं थांबवायला, मागे न्यायला पायाखाली एक पायडल असतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. माझं शिलाई मशीन खिडकीशी, तिचं टेबल भिंतीशी, आणि दोघांचे पाय पायडलवर. मी म्हटलं, घरात आता दोन शिंपी झाले.

तिचे पैसे ओळींवर असतात. ओळी निम्म्यावर आल्या आहेत. आज तिच्या ऑफिसातून पत्र आलं. तिने चहा गाळता गाळता सांगितलं, "महिनाअखेर ओळी पूर्वीसारख्या झाल्या नाहीत तर घरून काम बंद. नाहीतर तिकडे या म्हणतात, नव्या मुलींना शिकवायला."

"मग?"

"मग काय, बघू."

तिकडे म्हणजे गाडीने सात तास. मुलगा जाऊन पाच वर्षं झाली. त्याच वेळी ती माहेरी गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. ती गेली नाही, का गेली नाही हेही कधी बोलली नाही. मी विचारलं नाही, कारण विचारलं तर तिच्या लक्षात येईल की जाता येतं.

"बघू" हा शब्द मी दिवसभर उलटा-सुलटा करून पाहिला. अस्तर कुठून लावलंय ते कळलं नाही.

५ तारीख, गुरुवार

आज खुर्च्यांच्या दुकानात गेलो होतो. सूनबाईला सांगितलं, दोरे आणायला जातो. खोटं बोललो, म्हणून येताना खरोखर दोन रिळं आणली.

दुकानदार गोलमटोल आणि फार गोड बोलणारा. त्याने साध्या खुर्च्या झटपट दाखवल्या आणि मग एका खुर्चीवरचं प्लास्टिक असं काढलं की जणू आत बाळ झोपलंय. किंमत ऐकून मी त्याला दोनदा विचारलं. तेवढ्यात माझ्या मशीनसारखी तीन मशीनं येतील, मोटर लावून.

"काका, आधी बसा, मग बोला," तो म्हणाला.

बसलो. पाठीच्या खालच्या अंगाला, जिथे पोक सुरू होतं तिथे, काहीतरी हळूच टेकलं. कुणीतरी हात ठेवावा तसं. बायको गेल्यानंतर तिथे कुणाचा हात लागलेला नाही. मी बराच वेळ उठलो नाही. दुकानदाराला वाटलं, मी किमतीचा विचार करतोय.

परत येताना घड्याळवाल्याकडे थांबलो. आमच्या जुन्या दुकानाच्या शेजारी त्याचं दुकान. चाळीस वर्षं त्याचं तोंड ऐकतोय. त्याने किंमत ऐकली आणि डोळ्याचं भिंग काढून ठेवलं.

"त्यात बसून कुणी राज्य करणार आहे का?"

"सून बसणार आहे."

"मग उशी घे एक. माझी बघ, बावीस वर्षं झाली."

त्याची उशी मी पाहिली आहे. तिला उशी म्हणायचं म्हणजे भाकरीला गादी म्हणण्यासारखं आहे. तोही खुर्चीतून उठताना आधी टेबल धरतो, मग देवाचं नाव घेतो, मग उठतो. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "मग तू कसा उठतोस?" मी तर आधी देवाचं नाव घेतो, मग टेबल शोधतो.

६ तारीख, शुक्रवार

खरं लिहायचं ठरलंय तर हेही लिहितो. खुर्ची तिच्या पाठीसाठी घ्यायची आहे की ती जाऊ नये म्हणून? पाठ सुधारली तर ओळी वाढतील, ओळी वाढल्या तर घरचं काम राहील, ते राहिलं तर ती राहील. हे सगळं मी दुकानात बसल्या बसल्याच जोडून टाकलं होतं. पाठीचा विचार पहिला आला की तिच्या जाण्याचा, ते आता आठवून सांगता येत नाही. म्हणजे बहुतेक जाण्याचाच.

मी बेचाळीस वर्षं स्टुलावर बसलो. बायको म्हणायची, पाठीला काहीतरी करा. मी म्हणायचो, स्टूल म्हटलं की पाठ नसतेच. त्या उत्तराचा मला फार अभिमान होता. आता माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे आणि स्वतःचा सदरा शिवताना तो फरक धरून शिवावा लागतो. स्टूल फुकटात पडलं असं मला आजवर वाटत होतं.

९ तारीख, सोमवार

ठरवलं. माझ्या शेवटच्या खर्चासाठी बाजूला टाकलेलं होतं, त्यातून घेतो. त्या दिवशी मला काही बसायचं नाही.

दुकानदार म्हणाला, "ही तीन मापांत येते काका, लहान, मधली, मोठी. बाईंना एकदा घेऊन या."

मी म्हटलं, "अहो, मी शिंपी. बायकांचे कपडे शिवण्यात जन्म गेला. अंगाला टेप न लावता, मापाला आणलेल्या जुन्या कपड्यावरून शिवायचो. एक तक्रार नाही."

सूनबाई औषध आणायला गेली तेव्हा तिच्या रोजच्या खुर्चीचं माप घेऊन ठेवलं होतं. बैठकीची उंची, खोली, पाठ, सगळं. कागद दाखवला. तो म्हणाला, "मग मोठी लागेल." मोठी घेतली. न पटल्यास सात दिवसांत बदलून देतो म्हणाला. मी हसलो.

१० तारीख, मंगळवार

खुर्ची आली. सूनबाई दारातच उभी राहिली. आधी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आणणाऱ्या माणसाला म्हणाली, "पत्ता चुकलाय तुमचा."

मी म्हटलं, "चुकला नाही."

"बाबा, केवढ्याची आहे ही?"

"तुला काय करायचंय? बस."

ती बसली. हात फिरवला. मग म्हणाली, "छान आहे." डोळे पुसायला आत गेली. मी खिडकीकडे तोंड करून सुईत दोरा ओवत बसलो. दोरा आधीच ओवलेला होता.

१२ तारीख, गुरुवार

फार बरं वाटतंय. सूनबाई खुर्चीला इतकी जपते की पाठ टेकतसुद्धा नाही, कडेवर बसते. मी म्हटलं, "अगं, टेक की, झिजणार नाही." ती म्हणाली, "हो, टेकते." पूर्वी पायडल एका डब्यावर ठेवायची, आता दोन डब्यांवर ठेवते. सवय माणसाला सोडत नाही.

विचारलं, "पाठ कशी आहे?" म्हणाली, "छान आहे." जेवताना विचारलं, तरी छान. देवाने मला काय दिलं नाही तेच मी नेहमी म्हणत आलो. काय दिलं ते मोजायचं राहिलं. अशी सून दिली.

गोळ्यांचं पाकीट मात्र लवकर संपलं. औषधवाले हल्ली कमी गोळ्या देतात की काय.

१४ तारीख, शनिवार

आज मी स्वतःला मूर्ख म्हणतो आणि ते इथे लिहून ठेवतो.

दुपारी खिडकीशी काज करत होतो. सहज मान वर केली. सूनबाई टाईप करत होती आणि तिच्या कपड्याचा डावा खांदा वर चढला होता, बाहीच्या मुंढ्यातून गळ्यापर्यंत एक तिरकी सुरकुती. ती सुरकुती मी हजार वेळा पाहिली आहे. कपडा अंगाला बसला नाही की ती पडते. पण हा कपडा मीच शिवलेला. तो बसलेलाच आहे. बसलेली नव्हती ती.

आणि मग दुकानातल्या त्या सगळ्या बायका डोळ्यांपुढे आल्या. नवीन कपडा घालून आरशापुढे उभ्या राहायच्या, हात खाली घट्ट धरून, आणि म्हणायच्या, "छान झालाय." ज्यांना खरोखर बसलेला असायचा त्या कधी छान म्हणाल्या नाहीत. त्या हात वर करून केस नीट करायच्या आणि पैसे किती विचारायच्या. छान म्हणणाऱ्या पुढच्या वेळी दुसऱ्या शिंप्याकडे दिसायच्या.

मी उठलो, तिच्याजवळ गेलो. पाय लोंबकळत होते. बोटांची टोकं कशीबशी पायडलवर.

"ऊठ."

"का बाबा?"

"ऊठ म्हणतो ना. ही खुर्ची तुला होत नाही."

"होते की. छान आहे."

"तो शब्द पुन्हा काढू नकोस."

ती उठली. उठताना तिने टेबल धरलं. घड्याळवाल्यासारखं.

"पण मी तर तुझ्या रोजच्या खुर्चीचं बरोबर माप घेतलं होतं."

आता ती हसली. पाठ धरून हसली. "बाबा, ती खुर्ची तुमची आहे. तुमचे पाय लांब म्हणून सुताराकडून तुम्ही उंच करून घेतली होती. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिच्यात लोंबकळतेय."

जिने पाठ बिघडवली तिचंच माप घेऊन मी दुकानात गेलो होतो.

"मग बोलली का नाहीस?"

"एवढ्या हौसेने आणलीत."

मला रागावता आलं नाही. चार दिवस ती दुखणं गिळत बसली, का तर म्हाताऱ्याला वाईट वाटू नये. असं करणारं माणूस घरात असणं ही केवढी गोष्ट, आणि तिला ते करावं लागलं याची मला केवढी लाज.

१५ तारीख, रविवार

आज सकाळी टेप घेतली. जन्मात कुणाचं बसलेलं माप घेतलं नव्हतं. आम्ही माणसं उभी करून मापतो. बसलेल्या माणसाला कुणी कपडा शिवत नाही. तिला पाटावर बसवून पाहिलं, मग बाजेच्या कडेला, मग पुस्तकं रचून त्यावर, तळवे जमिनीला सपाट टेकेपर्यंत. मी जमिनीवर गुडघे टेकून गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंत टेप धरली.

"सोळा," मी म्हटलं.

"बाबा, तुम्हाला उठता येईल ना?"

"ते नंतर बघू. हात टेबलावर ठेव. खांदे सोड. अजून सोड. श्वास घेते आहेस की धरलायस?"

"धरलाय."

"सोड. धरलेल्या श्वासावर घेतलेलं माप खोटं असतं."

मला उठवायला तिला हात द्यावा लागला. दोघांच्या पाठी एकदमच कुरकुरल्या. ती म्हणाली, "आपल्या दोघांची मिळून एक धड पाठ होईल का?" मी म्हटलं, "अस्तर लावलं तर होईल."

१६ तारीख, सोमवार

सातवा दिवस. खुर्ची टेंपोत घालून दुकानात नेली. सूनबाईला बरोबर नेलं. दुकानदार गोडच बोलला, पण बोलायचं ते बोलला: "काका, एक तक्रार नाही म्हणाला होतात."

"पहिली आली," मी म्हटलं.

लहान माप. ती बसली, पाय टेकले. पाठ मागे गेली आणि तिथेच राहिली. तिने छान म्हटलं नाही. हात वर करून केसांचा चिमटा काढला, पुन्हा लावला आणि दुकानदाराला विचारलं, "हिची चाकं निघतात का? आमची फरशी गुळगुळीत आहे."

मी बाहेर येऊन जरा उभा राहिलो. रस्त्यावर काय चाललं होतं ते मला दिसलं नाही.

२५ तारीख, बुधवार

नऊ दिवस लिहिलं नाही, कारण तक्रार नव्हती. माझं हे असंच.

ओळी वाढल्या. काल तर पूर्वीपेक्षा जास्त झाल्या. गोळ्या बंद. ऑफिसने कळवलं, घरून काम चालू ठेवायला हरकत नाही. सूनबाईने वाचून दाखवलं आणि म्हणाली, "झालं की मग. राहिलं इथलंच काम." मी देवाला हात जोडले. घड्याळवाल्याकडे जाऊन सांगून आलो, की खुर्ची पै न् पै वसूल झाली. तो म्हणाला, "राज्य राहिलं म्हणायचं तुझं."

घरी आलो तेव्हा ती फोनवर होती. तिकडच्या एका नव्या मुलीला काहीतरी समजावत होती: डॉक्टर तोंडातल्या तोंडात बोलतात तेव्हा शब्द नाही, वाक्य ऐकायचं, म्हणे. "पुन्हा ऐक. घाई नाही. आता काय ऐकू आलं? बघ, आलं की नाही?" एवढ्या मोकळ्या आवाजात बोलताना मी तिला पाच वर्षांत ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर थोडा वेळ ती तशीच हसत बसली होती. मग मी दिसलो आणि म्हणाली, "भूक लागली का?"

"झालं की मग. राहिलं इथलंच काम." हात घट्ट खाली धरून बोललेलं वाक्य आहे ते.

मला ते दिसायला नको होतं.

२६ तारीख, गुरुवार

सबंध सकाळ स्वतःशी भांडलो. मी काही विचारलं नाही तर ती आपणहून बोलणार नाही. मी तोंड मिटून ठेवायचं, बस्स, एवढंच. मी मरेपर्यंत ती इथे राहील आणि विचारलं की छान आहे म्हणेल.

जेवण झाल्यावर विचारलं.

"तुला शिकवायला जायचं आहे?"

"इथलं काम राहिलंय ना बाबा आता."

"ते नाही विचारलं."

तिने ताटातला चमचा सरळ केला. मग म्हणाली, "हो."

एकच अक्षर. मला वाटलं होतं ते ऐकून फार वाईट वाटेल. वाटलं. पण त्याच्या आधी एक क्षण बरं वाटलं, की पाच वर्षांत पहिल्यांदाच माझ्याशी कुणीतरी खरं बोललं.

"मग जा."

"आणि तुमचं?"

"माझं काय, मला स्वयंपाक येतो."

"खिचडी येते तुम्हाला."

"तीही दोन प्रकारची. एक लागलेली."

ती हसली नाही. रडलीही नाही. म्हणाली, "आधी एक महिना जाऊन बघते." मी म्हटलं, "बघ." आणि म्हटलं, "खुर्ची घेऊन जा."

"तिकडे आहेत खुर्च्या."

"तिकडे सगळ्यांना एकाच मापाच्या असतील."

२९ तारीख, रविवार

सकाळी गेली. टेंपोत खुर्ची मीच बांधली, जुन्या चादरीत गुंडाळून, शिवून. जिने तिला धरून ठेवायचं तीच तिच्याबरोबर पाठवली. घड्याळवाला म्हणाला, "एवढे पैसे घातलेस आणि खुर्चीही गेली, माणूसही गेलं." मी म्हटलं, "माणूस ताठ बसून गेलं." तो गप्प झाला. त्याला गप्प करायला मला चाळीस वर्षं लागली.

घर मोठं वाटतंय. मशीन चालवलं नाही, आवाज फार होतो.

४ तारीख, शनिवार

काल सूनबाईचा फोन आला. पाठ ठीक आहे, मुली हुशार आहेत, एक फार रडते. महिना संपायच्या आधीच तिला तिथे कायम राहा म्हणालेत. मी म्हटलं, फार चांगलं झालं. तिने विचारलं, जेवता ना? मी हो म्हटलं. मग एकदम म्हणाली, "बाबा, तुमच्या मशीनचं माप घेऊन पाठवा. लांबी-रुंदी. आणि तुम्ही पुढ्यात बसता ती जागाही धरा." "कशाला?" म्हटलं तर म्हणाली, "घाईत आहे, सांगते नंतर," आणि फोन ठेवला.

तेव्हापासून चैन नाही. मशीन विकायला काढायचं असेल का? मापावरून गिऱ्हाईक बघत असेल. तसं असेल तर माझी हरकत नाही, पण मग जागा धरून माप कशाला? घड्याळवाल्याला विचारलं. तो भिंग डोळ्याला लावून घड्याळात बघतच राहिला आणि म्हणाला, "माप नीट घे. आणि तुझ्या बाजेचंही पाठव." मी म्हटलं, "बाजेचा इथे काय संबंध?" तो म्हणाला, "पाठव तर खरं." आणि नाक शिंकरत आत गेला. त्याला सर्दी झालेली दिसते.

पत्र लिहिलं. फोनवर मला सुचत नाही. इथे उतरवून ठेवतो:

"सूनबाईस अनेक आशीर्वाद. मशीन लांबी छत्तीस, रुंदी अठरा. पुढ्यात बसायला, पाय हलवायला आणि उठताना मागे सरकायला मिळून तीस इंच लागतात; बसून मोजलं आहे, श्वास सोडून. उजेड डावीकडून लागतो. घड्याळवाल्याच्या आग्रहावरून बाजेचंही पाठवतो, बहात्तर बाय छत्तीस, त्याचं तू मनावर घेऊ नकोस. तुझे माझ्यावर फार उपकार आहेत, ते तोंडावर कधी सांगता आलं नाही. हे माप तुला कशासाठी हवं आहे ते मात्र मला समजलं नाही, आणि समजल्याशिवाय झोप लागायची नाही. जे असेल ते सरळ लिही. लवकर कळव."